जातीच्या रकान्यात

आमच्या घरी एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात आजेसासऱ्यांच्या वेळचे मोडी कागद आहेत. खोताशी झालेला पत्रव्यवहार, आगराच्या वाटणीचे कागद, दोन गहाणखतं. त्याच पेटीत एक पिवळं पडलेलं, कोपरा कुरतडलेलं कार्ड आहे. रत्नागिरीतल्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी २००९ साली दिलेलं लसीकरणाचं कार्ड. नाव: कापशी. लिंग: मादी. रंग: पांढरा. आणि ‘जात’ या रकान्यात निळ्या शाईने लिहिलेला एकच शब्द: ‘पॉम’.

मी इतिहासाची पदवीधर नाही. बी.कॉम. होऊन पतसंस्थेत नोकरी केली, मोडी चाळिशीत शिकले, आणि घरातली पेटी वाचून झाल्यावर लोकांच्या पेट्या वाचू लागले. रत्नागिरीच्या माणसाने इतिहासावर लिहायचं म्हणजे टिळकांचा जन्म, थिबा राजाचा १८८६ ते १९१६ हा बंदिवास, नाहीतर सावरकरांची स्थानबद्धता, असं जवळजवळ ठरून गेलेलं आहे. या वर्षी कुत्र्यावर लिहिते आहे म्हटल्यावर एका स्नेह्यांनी विचारलं, ‘‘कागद संपले की काय तुमचे?’’ संपलेले नाहीत. पण गहाणखतातला एखादा न लागणारा शब्द जसा महिनामहिना डोक्यात राहतो, तसा हा कार्डावरचा शब्द राहिला. तो वाचायला सोपा होता. अडचण एवढीच, की तो खरा नव्हता.

‘पॉम’ म्हणजे पॉमेरेनियन. आपल्याकडे पामेरियन, पोमेलियन, जीभ वळेल तसं म्हणतात. पॉमेरेनिया हा बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचा मुलूख, आज बराचसा पोलंडमध्ये आणि थोडा जर्मनीत. टोकदार कान, निमुळतं तोंड, पाठीवर वळवलेली झुपकेदार शेपटी आणि दुहेरी केस असलेल्या तिकडच्या कुत्र्यांना जर्मन लोक स्पिट्झ म्हणतात. शेजारच्या मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झ या छोट्या संस्थानातली शार्लट १७६१ साली तिसऱ्या जॉर्जची राणी होऊन इंग्लंडात गेली, आणि तिच्या पाठोपाठ हे कुत्रे इंग्रज दरबारात पोचले. गेन्झबरोने १७८५ साली काढलेलं ‘द मॉर्निंग वॉक’ हे चित्र पुष्कळांनी पुस्तकात पाहिलं असेल. फिरायला निघालेलं तरुण जोडपं आणि बाईकडे मान वर करून पाहणारा पांढरा कुत्रा. तो कुत्रा चांगला दांडगा आहे. मांडीवर घेण्याजोगा मुळीच नाही.

त्याला मांडीएवढा केला तो पुढच्या शतकाने. व्हिक्टोरिया राणीने १८८८ साली फ्लॉरेन्सच्या मुक्कामात मार्को नावाचा लहानसा पॉमेरेनियन घेतला. १९०१ साली ती मरणाच्या दारात होती तेव्हा तुरी नावाचा तिचा कुत्रा बिछान्यावर तिच्याजवळ आणून ठेवला होता. राणीला लहान कुत्रे आवडतात म्हटल्यावर प्रदर्शनांत लहान कुत्र्यांना भाव आला, आणि आजचा पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोंचा उरला. पण शब्द मात्र मागे रेंगाळला. चेकॉव्हची १८९९ सालची कुत्रेवाल्या बाईची कथा जगप्रसिद्ध आहे. मूळ रशियनमध्ये त्या बाईचा कुत्रा नुसता पांढरा स्पिट्झ आहे, इंग्रजी भाषांतरात त्याचा पॉमेरेनियन झाला. त्या काळच्या इंग्रजाच्या लेखी पांढरा, केसाळ, टोकदार कानांचा कुत्रा म्हणजे पॉमेरेनियनच. हाच शब्द साहेबाने हिंदुस्थानात आणला. तिकडे कुत्रा आटत गेला आणि इकडे शब्द तेवढाच राहिला.

कापशी साडेसात किलोंची होती. तोंड लांबट, पाय उंच, कपाळ सपाट. आजच्या विलायती पॉमेरेनियनशेजारी उभी केली असती तर दोघांची जात एक आहे असं कोणी म्हटलं नसतं. जाणकार आता अशा कुत्र्यांना ‘इंडियन स्पिट्झ’ म्हणतात. युरोपातल्या स्पिट्झचं हे इथे वाढलेलं, पिढ्यान् पिढ्या इथल्याच उकाड्यात व्यालेलं कूळ आहे.

ते कोकणात कसं आलं? दापोलीला १८१८ पासून इंग्रजांचा कॅम्प होता, पेन्शनर साहेब तिथे राहत, तेव्हा कुत्रे तिथूनच पसरले असतील असा एक सोपा तर्क मला ऐकवला गेला. मला तो पटत नाही. साहेबाचा कुत्रा साहेबाच्या बंगल्यात राहिला. कोकणी घराने त्याच्याकडे बघून आपल्या पडवीत काही बदल केला नाही. आमच्याकडचा पांढरा कुत्रा मुंबईहून आला, चाकरमान्याबरोबर. क्रॉफर्ड मार्केटात पक्षी आणि प्राणी विकणारी दुकानं कितीतरी दशकं आहेत. १८६९ साली उभ्या राहिलेल्या या मंडईच्या दर्शनी भागावर जॉन लॉकवूड किपलिंगची शिल्पं आहेत, आणि त्याच माणसाने पुढे १८९१ साली हिंदुस्थानातली माणसं आणि जनावरं यांच्या नात्यावर एक जाडजूड पुस्तक लिहिलं. ज्या क्रॉफर्डचं नाव मंडईला मिळालं, त्याने म्हातारपणी कोकणच्या दंतकथांचं पुस्तक लिहिलं. योगायोग आहेत, पण नोंदवून ठेवावेसे वाटतात.

स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध होते. परदेशातून कुत्रा मागवणं गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गाच्या स्वप्नातही नव्हतं. मग इथेच जन्मलेला, दिसायला विलायती, किमतीला झेपणारा, दूध-पोळीवर राहणारा पांढरा कुत्रा चाळीत आला. चाळीतल्या दोन खोल्यांत त्याला बांधायला अंगण नव्हतं, म्हणून तो आतच राहिला. आणि चाळ सुटली, बदली झाली, सून बाळंत झाली, की तो गावी पाठवला गेला. आधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने, मग एस.टी.ने. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर रेल्वेने. रेल्वेच्या नियमाप्रमाणे कुत्र्याची जागा गार्डाच्या डब्यातल्या पिंजऱ्यात, नाहीतर मालकाने पहिल्या वर्गाचा वातानुकूलित कूपे पूर्ण घ्यावा. आमची कापशी गिरगावातून रत्नागिरीला आली ती भाजीच्या पिशवीत टॉवेलाखाली झोपून. हे इथे कबूल केलेलं बरं.

*

कुत्र्याच्या बाबतीत ‘देशी’ कोणाला म्हणायचं, हे कोणी ठरवलं? टपाल खात्याने जानेवारी २००५ मध्ये भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटं काढली. हिमालयन शीपडॉग, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजपालयम. मुधोळ आपल्या सीमेलगतचं, घोरपड्यांचं संस्थान. तो कुत्रा कारवान नावाने आपल्या सांगली-सोलापूरकडेही आहे, आणि त्याला नावारूपाला आणलं ते मुधोळच्या राजेसाहेबांनी. रामपूर नबाबाचं. म्हणजे यादी पाहिली तर शिकारीचा कुत्रा, राखणीचा कुत्रा, धनगराचा कुत्रा. ज्यांच्यामागे संस्थानाचा शिकारखाना होता त्यांचं दप्तर राहिलं. ज्याचं काम म्हणजे म्हाताऱ्या बाईच्या पायाशी झोपणं, त्याची नोंद कुठल्या खात्यात होणार? १८८० च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये गुराढोरांची मोजदाद आहे. बैल, गाई, म्हशी, शेळ्यामेंढ्या, घोडे. कुत्रा त्या कोष्टकात बसत नाही. त्याच्यावर सारा नाही, त्याचं दूध नाही, तो नांगराला लागत नाही.

आपल्या परंपरेत कुत्र्याला मान नाही असं मात्र म्हणता येणार नाही. दत्ताच्या पायाशी चार आहेत, खंडोबाच्या बरोबर एक आहे, धर्मराज तर त्याला सोडून स्वर्गात जायला तयार नव्हता. आणि सातारच्या शाहू महाराजांचा खंड्या. शिकारीत वाघ अंगावर आला असता त्याने महाराजांना वाचवलं म्हणून महाराजांनी त्याला जहागीर आणि पालखी दिली, असं ग्रँट डफ १८२६ साली लिहितो. भपक्याने भेटीला आलेल्या एका सरदाराची जिरवायला महाराजांनी आपली पगडी आणि दागिने कुत्र्याला घालून त्याला दरबारात बसवलं, आणि नंतर स्वतः पगडी कधी घातली नाही, हीही हकीकत त्यानेच दिली आहे. संगम माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवतात. मी दोनदा पाहून आले. दगडी कुत्रा कृष्णा-वेण्णेच्या संगमाजवळ बसला आहे आणि त्याच्यासमोर कोणीतरी फुलं ठेवलेली असतात.

पण हा मान पराक्रमाचा आहे. बाकी मराठी भाषेने कुत्र्याला दिलं काय? कुत्र्याचं जिणं, कुत्र्याची मौत, नळीत घालूनही वाकडी राहणारी शेपटी, न पचणारी खीर. पराक्रम न करणाऱ्या, नुसत्या सोबत राहणाऱ्या कुत्र्यासाठी आपल्याकडे शब्दच नाही. इंग्रजीत त्याला मांडीवरून नाव आहे. आमच्या सासूबाई ‘घरातलं कुत्रं’ म्हणायच्या, नपुंसकलिंगी. त्यात हेटाळणी होती की लाड, ते आवाजावरून ओळखायचं.

*

कुत्रा ‘कोणाचा तरी’ असतो ही कल्पना कायद्यात कशी आली, याचा एक धागा मुंबईत सापडतो. बेवारशी कुत्रे मारण्याचा नियम तिथे १८१३ पासून होता, ठरावीक महिन्यांत. १८३२ साली ती मुदत वाढवली. शिपायांना कुत्र्यामागे आठ आणे मिळत, त्यामुळे ते घरांच्या आवारात शिरून पाळलेले कुत्रेही ओढून नेऊ लागले. पारशी धर्मात कुत्र्याला फार वरचं स्थान आहे, प्रेताला कुत्र्याची दृष्ट व्हावी लागते. ६ जून १८३२ रोजी, त्यांच्या एका पवित्र दिवशी, कोटात पारशी मंडळींनी शिपायांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन, मुसलमान व्यापारीही सामील झाले, दुकानं बंद, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचा दाणागोटा अडवला. मुंबईतली पहिली मोठी दंगल ती, आणि कारण कुत्रा. पुढे जमशेटजी जीजीभाईंसारख्यांनी मध्यस्थी केली आणि पकडलेले कुत्रे मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायचं ठरलं.

या दंगलीचं वर्णन वाचताना मला पारशांच्या रागाइतकीच शिपायाची अडचण दिसते. समोर आलेला कुत्रा पाळलेला की बेवारशी, हे त्याने ओळखायचं कशावरून? पट्टा, बिल्ला, परवाना, पुढे माझ्या पेटीतलं कार्ड, ही सगळी त्या प्रश्नाची उत्तरं आहेत.

कोकणातल्या घराचं उत्तर वेगळं होतं. कुत्रा वाडीचा असायचा. चार घरांत भाकरतुकडा खायचा, गडग्यावर बसायचा, रात्री बिबट्या आला की भुंकायचा आणि पुष्कळदा त्याच्याच तोंडी जायचा. अंगण त्याचं, पडवीपर्यंत पावसात माफी, पण ओटीची पायरी चढला तर काठी. यात सोवळं होतं हे खरं. पण नुसतं सोवळं नव्हतं, हे मला सासूबाईंमुळे कळलं.

त्यांचं माहेर राजापूरकडचं. १९४६ सालच्या आषाढात त्यांच्या सात वर्षांच्या भावाला कुत्रं चावलं. लहानशी जखम. चुना-हळद भरली, अंगारा लावला. पावसाळ्यात बोटी बंद. मुंबईला नेता आलं नाही आणि न्यायला हवं हे कोणाला ठामपणे वाटलंही नाही. दीड महिन्याने पोराला पाण्याचा पेला बघून झटके येऊ लागले. सासूबाई तेव्हा नऊ वर्षांच्या. त्यांनी मला ही गोष्ट पस्तीस वर्षांत दोनदाच सांगितली आणि दोन्ही वेळा पेल्यापाशीच थांबल्या.

सुश्रुताने कल्पस्थानात पिसाळलेल्या जनावराच्या दंशाचं वर्णन केलं आहे आणि पाण्याला भिणारा रोगी वाचत नाही हेही लिहून ठेवलं आहे. पाश्चरने १८८५ च्या जुलैत जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली लस टोचली. आपल्याकडे कसौलीची पाश्चर संस्था १९०० साली निघाली, कुन्नूरची १९०७ साली. कसौलीतच डेव्हिड सेंपलने १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस तयार केली. बेंबीभोवतीची चौदा इंजेक्शनं म्हणून आपण जिला ओळखतो ती हीच. ती लस भारतात नव्वदाहून जास्त वर्षं चालली आणि या शतकाच्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे राजापूरच्या त्या मुलाला कुत्रं चावलं तेव्हा उपाय निघून साठ वर्षं झाली होती. मध्ये होता तो आषाढ.

कुत्र्याला ओटीची पायरी चढू न देणारी बाई जुन्या वळणाची आहे असं लग्नानंतर कितीतरी वर्षं मी धरून चालले होते. ते मत मी मागे घेतलं, पण उशिरा.

*

कापशी आली तेव्हा सासरे जाऊन वर्ष झालं होतं, मुलगा पुण्याला, मी आणि नवरा दिवसभर रत्नागिरीत कामावर. गोळपच्या घरात सासूबाई एकट्या. पुतण्याने विचारलं, ‘‘काकू, महिनाभर ठेवता का? आम्ही नव्या जागेत जातोय.’’ महिन्याचे तेरा वर्षं झाले. पहिले पंधरा दिवस ती पडवीत पोत्यावर होती. सोळाव्या दिवशी संध्याकाळी मी आले तर ओटीवर, सासूबाईंच्या आरामखुर्चीखाली. मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, ‘‘अगो, इंजेक्शन दिलंयन् ना तिला? मग?’’ एक कार्ड दाखवल्यावर त्र्याहत्तर... खरं सांगायचं तर एकाहत्तर-बाहत्तर वर्षांच्या त्या बाईने पायरीचा नियम बदलला. कापशी हे नावही त्यांनीच ठेवलं.

अशा कुत्र्याची देखभाल कोकणात कशी करायची, याचं पुस्तक आम्हांला मिळालं नाही. चुका करत शिकलो. पहिल्या मे महिन्यात आम्ही दया येऊन तिचे केस मशिनने पार उतरवले. पांढऱ्या कुत्र्याचं नाव थंड देशाचं, म्हणून त्याला इथे उकडत असणार, हा हिशोब. डॉक्टर आमच्यावर रागावले. या कुत्र्यांना आतून मऊ आणि वरून राठ असे दोन थर असतात, ते थंडीइतकंच उन्हापासूनही कातडी राखतात, आणि मुळापासून उतरवले तर पुन्हा नीट येतीलच असं नाही. आतला सुटलेला थर विंचरून काढायचा, कापायचा नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम नसतो. ते जीभ काढून धापा टाकतं आणि ओलावा उडून गेला की निवतं. रत्नागिरीची अडचण उन्हापेक्षा दमट हवेची. तीन हजार मिलिमीटरांहून जास्त पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात हवेतच एवढं पाणी असतं की जिभेवरचं उडायचं कसं? म्हणून फिरवणं पहाटे आणि दिवेलागणीनंतर, आणि दुपारी माजघरातली शेणाने सारवलेली जमीन. ती तिने स्वतःच शोधली होती.

पावसाळा सगळ्यांत कठीण. आतला थर ओला राहिला की दोन दिवसांत कातडीला वास आणि खाज. सासूबाईंनी जुन्या नऊवारीचे तुकडे करून ठेवले होते. बाहेरून आली की चार पाय, पोट, काखा, सगळं कोरडं करायचं, बोटांच्या बेचक्यांत आणि कानांत गोचिडी बघायच्या, त्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या. गोचिडीतून येणारा ताप या कुत्र्यांना लोळवतो, हिरड्या पांढऱ्या पडतात. साचलेल्या पाण्यातून लेप्टो. त्याची लस दर वर्षी, पावसाआधी. खाणं भात आणि काटे काढलेलं मासे-मटणाचं पाणी, मिठाशिवाय. कुत्रं लांडग्याचं वंशज, त्याला भात कशाला, असं सांगणारे भेटतात. स्वीडिश शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिलं की माणसाबरोबर राहून कुत्र्याच्या शरीरात पिष्ट पचवण्याची ताकद लांडग्याच्या मानाने पुष्कळ वाढली आहे. सासूबाईंना याचं नवल वाटलं नाही. कांदा-लसूण, द्राक्षं, चॉकलेट मात्र वर्ज्य, आणि दिवाळीच्या दिवसांत मनुका घातलेले लाडू उंचावर ठेवायचे. मनुकांनी मूत्रपिंडं निकामी होतात हे आम्हांला आधी ठाऊक नव्हतं. नशीब, की कळलं ते वाचून.

फुरशाचं मात्र अंगावर आल्यावर कळलं. फुरसं आणि रत्नागिरी यांचं नातं जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात इथे फुरसं मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देई, आणि १८६२ च्या डिसेंबरात आठवडाभरात लाखाच्या वर फुरशी मारल्याची नोंद आहे. तरी ती संपली नाहीत. चिऱ्याच्या गडग्यात, पालापाचोळ्यात असतातच. लहान कुत्र्याचं नाक जमिनीला लागलेलं. २०१३ च्या ऑक्टोबरात कापशी गडग्याशी हुंगत होती, एकदम किंचाळली आणि मागे आली. तासाभरात नाक सुजून डोळ्यापर्यंत गेलं आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. फुरशाचं विष रक्त गोठू देत नाही. साडेसात किलोंच्या जिवाला विष मात्र माणसाला मिळतं तेवढंच मिळालेलं.

डॉक्टरांनी थोडं रक्त काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि घड्याळ लावलं. वीस मिनिटं. नळी कलती केली तर रक्त पाण्यासारखं हललं. कुत्र्यासाठी वेगळी लस नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारी माणसाचीच. परळच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्याच्या रक्तापासून करतात ती. औषधांच्या तीन दुकानांत फिरून नवऱ्याने कुप्या जमवल्या. पहिल्या दुकानदाराने कोणासाठी विचारलं, आणि कुत्र्यासाठी म्हटल्यावर नाही म्हणाला. मला त्याचा राग आला होता. आता येत नाही. त्याच्याकडे दोनच कुप्या होत्या, आणि भातकापणी चालू होती.

रात्री घरी आणली. सासूबाई तिच्या शेजारी जमिनीवर बसल्या, गुडघे दुखत असताना. पहाटे मी उठले तेव्हा त्या चमच्याने तिला पाणी पाजत होत्या. ती चाटत होती. त्या एकदा पाण्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होत्या. ‘‘पितंय,’’ म्हणाल्या. ‘‘पाणी पितंय गो.’’

*

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या टफीने या कुत्र्याला घरोघरी नेलं. चिठ्ठ्या पोचवणारा, क्रिकेटच्या मॅचमध्ये पंचाचं काम करणारा तो पांढरा कुत्रा होता ह्याच कुळातला. त्याआधी आमच्या भागात टॉमी, मोत्या, राजा ही नावं ऐकू येत. नंतरची दहा वर्षं मी फिरायला जायची त्या रस्त्यावर तीन टफी होते. मग २००३ साली हचची जाहिरात आली, गोव्यात चित्रित झालेली. मुलाच्या मागे मागे जाणारा चपट्या तोंडाचा पग. पांढरा कुत्रा मागे पडला. पगचं नाक माणसांनी इतकं आत ढकललं आहे की साध्या हवेतही त्याला घोरत श्वास घ्यावा लागतो. त्याला रत्नागिरीचा मे महिना दाखवणं ही माझ्या मते क्रूरता आहे. आता शिह-त्झू दिसतात, वातानुकूलित खोलीत. पांढरा, लांबट तोंडाचा, साडेसात किलोंचा कुत्रा गेल्या दोन वर्षांत मी शहरात मोजून चार ठिकाणी पाहिला. उरलेल्यांचा संकर होतो आहे किंवा वंश थांबतो आहे. २०१७ साली कुत्र्यांच्या पैदाशीचे नियम आले, पैदास करणाऱ्याने नोंदणी करावी, प्रत्येक कुत्र्याची नोंद ठेवावी असं त्यांत आहे. पण हा कुत्रा धंदेवाल्यांनी कमी आणि शेजाऱ्यांनी जास्त वाढवला. ‘तुमच्याकडे मादी आहे, आमच्याकडे नर आहे,’ एवढ्यावर. त्याचा कागद कोण करणार?

म्हणून मी आता लोकांच्या पेट्या बघताना मोडी कागदांबरोबर फोटोही मागते. मुंज, सत्यनारायण, घरभरणी. कडेला पाटावर किंवा कोणाच्या तरी आजीच्या पायाशी पांढरा ठिपका असतो, बहुतेक हललेला. मागे तारीख असते, माणसांची नावं असतात. कुत्र्याचं नाव विचारलं की घरातली सगळ्यांत वयस्कर बाई चटकन सांगते. मी ते पेन्सिलने मागे लिहून घेते, घरच्यांना विचारून. आतापर्यंत एकवीस झाले.

सासूबाई २०१९ मध्ये गेल्या, कापशी २०२२ च्या श्रावणात. गेल्या चैत्रात शिरगावच्या एका ओळखीच्यांकडून पिल्लू आणलं. तसंच, पांढरं, लांबट तोंडाचं. त्याला घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर आता नवे आहेत, तरुण मुलगी आहे. मी रस्ताभर तयारी केली होती. पॉमेरेनिया, शार्लट राणी, वजनं, सगळं. तिने पिल्लाचं तोंड उघडून दात पाहिले, ताप बघितला, टोचलं, आणि मी तोंड उघडणार तोच तिच्या मदतनिसाने भरलेलं कार्ड माझ्या हातात दिलं. नाव: पिंज्या. लिंग: नर. रंग: पांढरा. जात: पॉम.

मी पर्समधलं पेन काढलं, ते बघून मदतनीस म्हणाला, ‘‘काय चुकलं काय ताई?’’